चोवीस प्रश्नांचे नागरिकत्व

जुने विद्यार्थी शिक्षकाची आठवण बहुधा दोनच वेळा काढतात. लग्नाचे आमंत्रण द्यायचे असते तेव्हा, नाहीतर शाळेच्या दाखल्यावरचे नाव किंवा जन्मतारीख दुरुस्त करून हवी असते तेव्हा. त्यामुळे रमजानमध्ये एका रात्री तरावीहनंतर इंग्लंडहून फोन आला, तेव्हा दाखल्याचेच काम असणार असे आम्ही धरून चाललो होतो. सलाम झाला, घरच्यांची खुशाली झाली, आणि मग ती मुलगी म्हणाली, "सर, मी परीक्षेत नापास झाले. परत बसायचंय. तुम्ही शिकवाल का?"

ही मुलगी खाडीकाठच्या गावातली, दहावीपर्यंत आमच्याकडे उर्दू माध्यमात शिकलेली. आमच्या कोकणातल्या मुसलमानांना दर्यापार जाणे नवे नाही. आजोबा आगबोटीवर खलाशी, बाप आखातात आणि मुलगी विलायतेत, अशी तीन पिढ्यांची घरे गावोगाव आहेत. हिचे लग्न तिथे वाढलेल्या एका कोकणी मुलाशी झाले. तो ब्रिटिश नागरिक. त्यांची अडीच वर्षांची मुलगी जन्मानेच ब्रिटिश नागरिक. घरात परकी आहे ती एकटी आई. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर कायम वास्तव्याचा परवाना मिळवायचा तर तिला 'लाइफ इन द यूके' नावाची परीक्षा उत्तीर्ण होणे भाग आहे. पुढे नागरिकत्वासाठी अर्ज केला, तर त्यालाही हाच निकाल चालतो.

परीक्षेचे स्वरूप असे : संगणकावर २४ प्रश्न, वेळ ४५ मिनिटे, उत्तीर्ण होण्यास ७५ टक्के, म्हणजे १८ उत्तरे बरोबर हवीत. शुल्क ५० पौंड, आणि नापास झाल्यास प्रत्येक खेपेस पुन्हा तेवढेच. १८ ते ६४ वयाच्या माणसाला ती चुकत नाही. नागरिकत्वासाठी ही परीक्षा नोव्हेंबर २००५ मध्ये आली आणि एप्रिल २००७ पासून कायम वास्तव्यासाठीही लागू झाली. प्रश्न सगळे सरकारने काढलेल्या एका पुस्तकातून येतात. सध्या चालते ती त्याची २०१३ सालची तिसरी आवृत्ती.

तिने पुस्तकाच्या पानांचे फोटो आम्हांला पाठवले आणि आम्ही रोज तरावीह आटोपल्यावर तासभर बसू लागलो. आमच्याकडे साडेदहा वाजलेले, तिच्याकडे संध्याकाळच्या इफ्तारीची तयारी. वाचताना आमचीही करमणूक झाली. लंडनमध्ये नदीकाठी जे अवाढव्य फिरते चाक आहे, त्याची उंची ४४३ फूट. रोमन सम्राट क्लॉडियसची स्वारी इसवी सन ४३. मध्येच एक आपला माणूस भेटला, साके दीन महंमद. बंगालच्या फौजेतून निघून १७८२ मध्ये विलायतेत आला, आयर्लंडमध्ये जेन डेली नावाच्या मुलीला पळवून नेऊन तिच्याशी लग्न केले, १८१० मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढले, आणि इंग्रजांना चंपी करवून घ्यायला शिकवले. त्यांच्या 'शॅम्पू'चे मूळ आपल्या चंपीतच आहे. हे सारे पुस्तकात सन्मानाने दिले आहे. दीन महंमदाला मात्र तिथे राहण्यासाठी कुणी २४ प्रश्न विचारले नव्हते. विचारले असते तर त्यातले निम्मे त्याच्या मृत्यूनंतर घडलेल्या गोष्टींवर निघाले असते.

बी.एड.ला असताना प्रश्नपत्रिका काढण्याआधी आम्हांला संविधान तक्ता करावा लागे. राज्यघटनेशी या तक्त्याचा काही संबंध नाही. ज्ञानाला किती गुण, आकलनाला किती, उपयोजनाला किती, याचा तो आराखडा. आमचे प्राध्यापक पुन्हा पुन्हा बजावत की, चाचणी सप्रमाण आहे की नाही हे आधी पाहा. म्हणजे जे मोजतो म्हणून आपण सांगतो, तेच ती मोजते का? वजनकाट्यावर उंची मोजता येत नाही. 'लाइफ इन द यूके'चा तक्ता आम्ही गंमत म्हणून मांडून पाहिला, तर बहुतेक सारे गुण ज्ञानाच्या रकान्यात पडले, आणि ज्ञानातही पाठांतराच्या.

आमचे हे मत काही एका उर्दू शाळेच्या मास्तरचे तुसडेपण नव्हे. डरहॅम विद्यापीठातील प्राध्यापक थॉम ब्रुक्स हे स्वतः अमेरिकेहून आलेले, हीच परीक्षा देऊन ब्रिटिश नागरिक झालेले. त्यांनी २०१३ साली या परीक्षेवर एक सविस्तर अहवाल लिहिला. दारूच्या गुत्त्यात वेळ घालवायला जी कोडी घालतात, त्यातला हा एक निकृष्ट प्रकार आहे, असा त्यांचा अभिप्राय. संसदेच्या कचेरीचा फोन नंबर नव्या पुस्तकात आहे, पण रुग्णवाहिका बोलावण्याचा ९९९ हा नंबर, डॉक्टरकडे नाव कसे नोंदवावे, अशी आधीच्या परीक्षेतली व्यवहाराची माहिती मात्र गळाली, हे त्यांनी दाखवून दिले.

ही ९९९ ची गोष्ट आम्ही मुलीला सांगितली तेव्हा ती हसली. मागच्या थंडीत रात्री तिच्या सासूच्या छातीत कळा आल्या. नवरा रात्रपाळीला गेलेला. हिने फोन लावला, आपल्या मोडक्या इंग्रजीत पत्ता सांगितला, पलीकडच्या बाईने सांगितले तसे सासूला बसवून ठेवले, आणि गाडी वेळेवर आली. सासू आज ठणठणीत आहे आणि सुनेच्या इंग्रजीच्या चुका काढते.

तिथे जन्मलेल्यांना तरी हे सगळे येते का? २०१२ साली पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात गेले होते. 'रूल ब्रिटानिया' या गीताला चाल कुणी लावली, हे त्यांना सांगता आले नाही. त्यांनी एल्गरचे नाव ठोकून दिले, खरे उत्तर होते टॉमस आर्न. मॅग्ना कार्टाचे साल त्यांना ठाऊक होते, त्या शब्दांचा अर्थ नव्हता. ईटन आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेला तो माणूस. या अज्ञानामुळे त्याचे ब्रिटिशपण रतिभरही कमी झाले नाही, आणि होऊही नये. अमेरिकेत २०१८ साली वुड्रो विल्सन फाउंडेशनने तिथल्या नागरिकत्व परीक्षेतले प्रश्न सामान्य नागरिकांना विचारले, तर तिघांमधला जेमतेम एक उत्तीर्ण झाला. जन्माने आलेला नागरिक अज्ञानी असू शकतो. ती चैन बाहेरून आलेल्याला परवडत नाही, एवढाच याचा अर्थ.

तरीही परीक्षाच नको, असे आम्ही म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये २००१ च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम, बर्नली, ब्रॅडफर्ड या शहरांत दंगली झाल्या. त्यानंतर गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांनी आपले जुने गुरू, राज्यशास्त्रज्ञ बर्नार्ड क्रिक यांच्या अध्यक्षतेखाली एक गट नेमला. क्रिक यांचा भर भाषेवर आणि रोजच्या जगण्यात उपयोगी पडणाऱ्या माहितीवर होता. ज्यांचे इंग्रजी कच्चे, त्यांनी परीक्षेऐवजी भाषेच्या आणि नागरिकशास्त्राच्या वर्गात बसावे, ही सोयही तेव्हा होती. शिक्षक म्हणून आम्हांला हे मनापासून पटते. ज्या बाईला मुक्कामाच्या देशाची जबान येत नाही, तिला दवाखान्यात नवरा लागतो, बँकेत नवरा लागतो, आणि नवऱ्याविरुद्ध तक्रार करायची झाली तरी दुभाषा म्हणून नवराच लागतो. आपल्या समाजातल्या किती बायका तिथे वीस-वीस वर्षे अशा राहिल्या, हे आपल्याला ठाऊक आहे आणि त्याचा सारा दोष सरकारवर घालता येत नाही. पण ऑक्टोबर २०१३ मध्ये वर्गाची ती वाट बंद झाली. उरली परीक्षा, आणि तिच्यासाठी स्पर्धेच्या पुस्तकांसारखी पाठ करायची पुस्तके.

शिकवणीच्या दुसऱ्या आठवड्यात खरी अडचण आली. इतिहासाचे प्रकरण चालू होते. त्याला नावच 'प्रदीर्घ आणि देदीप्यमान' असे काहीसे आहे. त्यात साम्राज्य जाऊन राष्ट्रकुल आले, त्या स्थित्यंतराविषयी लिहिले आहे की ते बहुतांशी सुरळीत पार पडले. मुलगी वाचता वाचता थांबली. म्हणाली, "सर, सत्तेचाळीस साल सुरळीत होतं?"

आम्ही काय बोलणार? फाळणीत किती माणसे कापली गेली, किती बेघर झाली, हे तिला आम्हीच शिकवले होते. २०२० मध्ये ब्रिटनमधल्याच दीडशेहून अधिक इतिहासकारांनी या प्रकरणातील साम्राज्याच्या आणि गुलामगिरीच्या मांडणीविरुद्ध खुले पत्र लिहिले, हे आम्ही तिला सांगितले. पण तिचा सवाल वेगळा होता. "समजा हाच प्रश्न आला आणि बरोबर उत्तर 'सुरळीत' असलं, तर मी त्यावर खूण केली की मी ते कबूल केल्यासारखं होईल ना? खोटी साक्ष दिल्याचं पाप लागेल का, सर?"

आम्ही सांगितले की उत्तरपत्रिका ही काही शहादत नव्हे. परीक्षक एवढेच विचारतो की पुस्तकात काय लिहिले आहे, आणि तूही एवढेच सांगतेस की पुस्तकात असे लिहिले आहे. ती गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "नववीत मी इतिहासाच्या पेपरात माझ्या मनाचं लिहिलं, तर तुम्ही अर्धा गुण कापला होता. वर लिहिलं होतं, पुस्तकातलं उत्तर अपेक्षित."

आम्हांला तो पेपर आठवत नाही. पण गुण कापला असणार, यात शंका नाही. दरवर्षी असे किती अर्धे गुण आम्ही कापतो आणि मुलांना पटलेले व लिहायचे यांतले अंतर शिकवत राहतो. विलायतेचे सरकार तिला जे करायला लावत होते, त्याचा सराव तिला आमच्याच वर्गात झाला होता.

माहिती विचारणाऱ्या परीक्षेत निदान मन लपवायला जागा असते. काही परीक्षा थेट मनातच हात घालतात. ब्रिटनचे माजी मंत्री नॉर्मन टेबिट यांनी १९९० साली 'क्रिकेटची कसोटी' मांडली होती. स्थलांतरित माणूस सामन्यात कुणाच्या बाजूने टाळ्या वाजवतो यावरून त्याची निष्ठा ओळखा, आणि या कसोटीवर ब्रिटनमधले बरेचसे आशियाई नापास होतात, असे त्यांचे म्हणणे. पुढे मद्रासला जन्मलेला नासिर हुसेन इंग्लंडचा कप्तान झाला, आणि २०१९ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघात मोईन अली आणि आदिल रशीद होते. टेबिट यांची कसोटी वाचताना आम्हांला तिथल्या कुणाची दया आली नाही, आमचेच दिवस आठवले. ३० मार्च २०११, मोहालीतला भारत-पाकिस्तान उपांत्य सामना. आम्ही बी.एड. करत होतो. सकाळी वर्गात एका मित्राने खांद्यावर हात ठेवून सहज विचारले, "काय, आज कुणाकडून?" त्याच्या मनात वाईट काही नव्हते. म्हणूनच ते अधिक लागले. त्या दिवशी भारताच्या पाच गोलंदाजांनी प्रत्येकी दोन बळी घेतले, त्यांत आमच्या महाराष्ट्रातला, श्रीरामपूरचा झहीर खान आणि गुजरातचा मुनाफ पटेल हे दोघे होते. आम्ही जरा जास्तच जोरात ओरडलो. नेहमीपेक्षा जास्त जोरात ओरडावे लागले याची शरम आजही वाटते.

कायद्याने पाहिले तर आपल्या देशात अशी लेखी परीक्षाच नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत परदेशी माणसाकडून ठरावीक वर्षांचे वास्तव्य, चांगली वर्तणूक आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान मागितले आहे. त्या अनुसूचीत मराठी आहे, तशी उर्दूही आहे. म्हणजे परदेशी माणसाला भारतीय होण्यासाठी भाषेच्या अटीपुरती उर्दू पुरेशी आहे. इथेच जन्मलेल्या आणि त्याच जबानीत शिकलेल्या आमच्या मुलांना मात्र "तुम्ही मराठी बोलता?" असे आश्चर्याने विचारले जाते. ते असो.

जर्मनीत याहून पुढची पायरी गाठली गेली. तिथल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याने १ जानेवारी २००६ पासून नागरिकत्व मागणाऱ्यांसाठी तीस प्रश्नांची एक यादी केली. बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळलीच पाहिजे का? मुलाने आपण समलिंगी आहोत असे सांगितले तर काय कराल? अमेरिकेवर हल्ला करणारे दहशतवादी होते की स्वातंत्र्यसैनिक? यादी प्रामुख्याने इस्लामी परिषदेच्या ५७ सदस्य देशांतून आलेल्यांसाठी होती. लोक तिला 'मुस्लिम-टेस्ट' म्हणू लागले. २०११ मध्ये राज्यात सरकार बदलल्यावर ती रद्द झाली. सबंध जर्मनीसाठी २००८ पासून जी परीक्षा आहे तिच्यात ३१० प्रश्नांतून ३३ विचारतात, १७ बरोबर आले की उत्तीर्ण. अर्जदार मुसलमान आहे की नाही याच्याशी तिला देणेघेणे नाही.

प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या यादीतला पहिला प्रश्न आम्हांला आमच्याच मोहल्ल्यातल्या बैठकीत विचारावासा वाटतो. बायकोने आज्ञा पाळलीच पाहिजे का, यावर आपल्यात बोलणे व्हायला हवे आणि ते फार उशिरा होत आहे. मग राग कशाचा आला? एक तर हे की तोच प्रश्न अर्जदार दुसऱ्या देशाचा, दुसऱ्या धर्माचा असेल तर विचारला जात नव्हता, जणू बायकोवर हुकूम गाजवणारा नवरा फक्त आपल्यातच जन्मतो. आणि दुसरे असे की, मनातले मत विचारणारी परीक्षा लबाडाला सोपी जाते. अपेक्षित उत्तर काय हे त्याला कळते आणि तो ते देतो. जो अडखळतो, "मला विचार करावा लागेल" म्हणतो, तोच अडकतो. परीक्षेने ज्याला बाहेर ठेवायचे होते तो आत येतो, आणि विचार करणारा बाहेर राहतो.

हे बोलत असताना मुलीने एक गोष्ट काढली, जी खरे तर आम्हांला आधी सुचायला हवी होती. म्हणाली, "सर, कुराणात सूरह मुम्तहिना आहे ना?" मुम्तहिना आणि इम्तिहान, दोन्हींचे मूळ एकच. इसवी सन ६२८ च्या हुदैबियाच्या तहानंतरचा तो प्रसंग. मक्का सोडून काही स्त्रिया मदिनेला आल्या. त्यांना परत पाठवायचे की ठेवून घ्यायचे हा प्रश्न होता. तेव्हा आदेश आला की हिजरत करून आलेल्या या मोमिन स्त्रियांची पारख करा. म्हणजे परक्या गावाहून आलेल्या बाईची परीक्षा आपल्या परंपरेतही आहे. तफसीरकार सांगतात की नवऱ्यावर रागावून, दुसऱ्या मुलखाच्या ओढीने किंवा दुनियेच्या लोभाने आपण आलेलो नाही, एवढे तिला शपथेवर सांगावे लागे. पण पारख करा म्हणताना त्याच आयतीत हेही सांगून ठेवले आहे की त्यांच्या ईमानाची खरी माहिती अल्लाहलाच आहे. आम्ही आलिम नाही. पण शिक्षकाच्या नजरेने आम्हांला त्यात परीक्षकासाठी घातलेली मर्यादा दिसते. तिने दिलेला शब्द घ्या, तो पटला तर तिला माघारी धाडू नका, आणि त्यापलीकडचे मोजायला जाऊ नका. लढाईत कलमा म्हणणाऱ्याला उसामांनी मारले, तो भीतीने बोलला असे कारण दिले, तेव्हा तू त्याचे काळीज चिरून पाहिलेस काय, अशा अर्थाची जी खडसावणी पैगंबरांनी केली, तीही आम्हांला याच जातीची वाटते. आपण मुसलमानांनी एकमेकांच्या ईमानाचे पेपर तपासताना ही मर्यादा किती पाळली, हा विषय काढला तर लेख फार लांबेल.

ईद झाली. दुसऱ्या खेपेला ती परीक्षेत पास झाली. 'सुरळीत'चा प्रश्न आला होता का, हे तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. क्लॉडियस आला होता म्हणे.

आता नवऱ्याचा आग्रह आहे की परवाना हाती आला की थांबू नये, लगेच नागरिकत्वाचा अर्ज करावा. त्यासाठी परीक्षा पुन्हा नाही, पण समारंभात राजाशी निष्ठेची शपथ आहे आणि त्या देशाचे हक्क, स्वातंत्र्य, लोकशाही व कायदे मानण्याचे वचन आहे. तिथे पुस्तकात काय लिहिले आहे हे कुणी विचारत नाही. तिथे जे बोलायचे ते स्वतःचे म्हणून बोलायचे. हे वचन तिला जड नाही, कायदे ती पाच वर्षे पाळतेच आहे. अडते ते दुसरीकडे. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिकडची शपथ घेतली की इकडचे नागरिकत्व संपले, पासपोर्ट जमा करायचा. तो निळा पासपोर्ट तिच्या कपाटात निकाहनाम्याच्या आणि दहावीच्या गुणपत्रिकेच्या फाइलमध्ये आहे. नवरा म्हणतो, ओसीआय कार्ड मिळेल, हवे तेव्हा ये-जा कर. ती म्हणते, बघू.

परवा तिचा निरोप आला. खाडीकाठच्या वाडीत वडिलांच्या पश्चात तिचा हिस्सा लागतो. पासपोर्ट सोडला तर सातबाऱ्यावरचे तिचे नाव राहते की जाते, हे तलाठ्याकडे विचारून ठेवा, भाऊ दोघेही आखातात आहेत, अशी तिने विनंती केली आहे. शेवटी कागदाचेच काम निघाले. सोमवारी शाळा सुटल्यावर जाणार आहोत.